तीन-चार-पाच

नळस्टॉपच्या अलीकडे, जुनी सुहासिनी सोसायटी पाडून
जिथे अकरा मजले चढताहेत,
तिथे तिसऱ्या स्लॅबवरून
मेट्रो अगदी नजरेच्या पातळीत जाते.
आबा डबा खायला तिच्याकडे पाठ करून बसतात.
परवा मी म्हटलं, जरा तोंड फिरवा,
परीक्षेत हेच येणार आहे मला.

भिंत अजून उघडी होती. विटांवर निळ्या खडूनं
मी एक डबा काढला. खाली आरसा, वर आरसा,
मध्ये उजेडाचा एक कण,
वर जातो, खाली येतो, पुन्हा वर.
"घड्याळ आहे हे. चाक नाही, चावी नाही."
"सेल?"
"सेलही नाही."
कांदा फोडत ते म्हणाले, "मग बंद पडायचं न्हाई."

डब्यात बसलेल्याला तो कण ओळंब्यासारखा,
सरळ वर, सरळ खाली.
आपण इथे, स्लॅबवर. कण छताला पोचेपर्यंत
छतच पुढे सरकलेलं,
म्हणजे आपल्याला त्याची वाट तिरकी.
मी तिरकी रेघ ओढली
आणि त्यांचा घास हातात राहिला.
"गुण्या काढलास की."

हो. चार फूट उंची, तीन फूट गाडी सरकली.
तिरकं किती, ते मी सांगायच्या आधी
त्यांच्या बोटांनी दोरीशिवायच मोजलं.
पंचवीस वर्षं याच तीन आकड्यांवर
कोपरे काटकोनात आणलेत त्यांनी.
पुस्तकात या त्रिकोणाला ज्या ग्रीक माणसाचं नाव आहे
ते मी घेतलं नाही.

"पन चालत्या ट्रकातून वीट वर फेकली
तर ट्रकाचा जोर तिला फुकट मिळतो.
वाट लांब, तर पळतीय बी जास्त. झाली बरोबरी."
सगळं इथेच अडतं.
विटेला मिळतो, आबा. उजेडाला नाही.
त्याची मजुरी ठरलेली. कुणाच्याही गाडीत बसवा,
पैसा वर नाही, पैसा खाली नाही.
पुढे सरकायला जेवढं लागलं
तेवढं वर चढण्यातून वजा.
"बसचं भाडं गेलं की पीठ कमी."
"तसं."

मग त्यांनीच मांडलं, धुळीत, थापीच्या टोकानं:
उजेडाच्या फुटाला एक मोजायचं म्हटलं
तर डब्यात चार होतात तोवर इथे पाच.
मी सांगितलं, मेट्रो इतकी पळत नाही,
उजेडाचे पाच तर गाडीचे तीन, एवढा वेग हवा.
"आनि चार फुटाच्या डब्यात मानूस बसंल कसा?"
"मग आठ धरा."
"सहा-आठ-धा. त्येच की."

आतल्याला कळतं का, त्यांनी विचारलं.
नाही. त्याची नाडी, त्याची दाढी,
त्याच्या डब्यातली गार होणारी भाजी,
सगळं त्याच चारात.
उलट खिडकीतून बघून तो म्हणेल
की स्लॅबवरचे हे दोघेच संथ.
"आँ?"
"त्याच्या हिशोबानं आपण पळतोय."
बराच वेळ गप्प.
"मग मुकादम हजेरी कुनाची धरनार?"

मी वही चाळली. उत्तर होतं,
म्हणजे वाक्य होतं: दोघांचीही, आपापल्या जागी.
वाचून दाखवलं. त्यांना पटलं नाही.
मलाही ते फक्त पाठ आहे.

वनाजकडे एक गाडी गेली.
त्यांनी ओळंबा उचलला, एक डोळा मिटला
आणि दोरीमागून खिडक्या जाऊ दिल्या,
एकेक, ओठ हलवत.
काय मोजलं विचारलं, तर म्हणाले, काय न्हाई.

आज त्या भिंतीला गिलावा झाला.
नकाशात ती मास्टर बेडरूम आहे.
निळा त्रिकोण आतच राहिला,
पलंगाच्या उशाशी, साधारण चार फुटांवर.
कोपरा मात्र काटकोनात आहे.
त्यांनी दोनदा तपासला.